दस्ता लावला की गुन्हा

अमेरिकेत मॉसबर्ग कंपनीची एक बंदूक मिळते. नाव ५९० शॉकवेव्ह. बारा बोअर, पंप ॲक्शन, नळी १४ इंच, एकूण लांबी २६ इंचांहून किंचित जास्त. मागे खांद्याला टेकवायचा दस्ता नाही, त्याऐवजी पक्ष्याच्या मानेसारखी वळलेली आखूड मूठ. बहुतेक राज्यांत २१ वर्षांचा माणूस दुकानात जातो, त्याची नोंद तपासली जाते आणि तो बंदूक घेऊन घरी येतो. इथवर सगळं कायदेशीर. आता याच माणसाने शंभरेक डॉलरचा प्लास्टिकचा दस्ता मागवला आणि सरकारची आधी परवानगी न घेता त्या बंदुकीला बसवला, तर तो फेडरल गुन्हेगार. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

म्हणजे बघा, बंदूक घेतली तर गुन्हा नाही, काडतुसं घेतली तर नाही. प्लास्टिकचा एक तुकडा जोडला की गुन्हा. आणि तो तुकडा कसला, तर बंदूक नीट खांद्याला धरता यावी यासाठीचा!

आपल्याकडे बुलेटचा आवाज करणारा सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि चौकात शंभर-दोनशे सायलेन्सर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. फोटो आम्हीच छापतो. बाहेरून आणून लावलेला भाग आणि कायदा यांचं भांडण आपल्याला तेवढंच ठाऊक. अमेरिकेत हेच भांडण बंदुकीच्या दस्त्यावरून गेली नव्वद वर्षं चाललंय. मी बंदुकीतला जाणकार नाही, पण कायदा वस्तूच्या मागे कसा धावतो आणि वस्तू कशी सटकते हे बघायची मला पत्रकार म्हणून खोड आहे. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

आधी एक गोष्ट. बाहेरचा भाग आणून आपल्या वस्तूला लावायचा, तर मुळात त्या वस्तू एकसारख्या हव्यात. दोनशे वर्षांपूर्वी त्या नव्हत्या. प्रत्येक बंदुकीचा दस्ता सुतार हाताने कोरायचा, त्यात लोखंडी भाग बसण्यासाठी खाचा पाडायचा. एका बंदुकीचा दस्ता दुसरीला बसेलच याची खात्री नाही. दस्त्याचा आकारही विचित्र, कुठे गोल, कुठे चपटा, मध्येच वाकलेला. साध्या लेथवर तो निघत नाही. थॉमस ब्लँचर्ड नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या कारागिराने १८१९ च्या सुमारास यावर तोड काढली. त्याच्या लेथवर एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरायचा, एक चाक त्याला चिकटून चालायचं, आणि त्याच चालीने दुसऱ्या बाजूचं पातं कोऱ्या लाकडातून तसाच दस्ता कापायचं. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ते यंत्र उचललं. पुढे त्याच तत्त्वावर बुटांचे साचे, कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या चाकाचे आरे निघू लागले. बंदुकीसाठी शोधलेलं यंत्र चपला-बुटांच्या धंद्यात गेलं, हे मला फार आवडतं.

१८५० च्या दशकात ब्रिटिशांनी ही अमेरिकन यंत्रं बघितली आणि दस्ते कापायची यंत्रं विकत घेऊन एन्फिल्डच्या कारखान्यात बसवली. एन्फिल्ड म्हटलं की आपल्याला १८५७ ची चरबीची काडतुसं आठवतात. तीच एन्फिल्ड पुढे या यंत्रांवर बनू लागली.

आता पंप ॲक्शन. या बंदुकीत नळीखालची पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवीन आत जातं. क्रिस्टोफर स्पेन्सरने १८८२ मध्ये अशी बंदूक आणली, पण ती घरोघरी नेली जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनवर विंचेस्टर कंपनीने काढलेल्या १८९७ च्या मॉडेलने. ती १९५७ पर्यंत बनत होती आणि दहा लाखांहून जास्त खपली. १९५० च्या सुमारास रेमिंग्टनचं ८७० आलं. त्याने २००९ मध्ये एक कोटीचा आकडा ओलांडला. पाठोपाठ १९६० च्या सुमारास मॉसबर्ग ५००. तीही कोटीच्या घरात.

एवढ्या कोट्यवधी एकसारख्या बंदुका लोकांच्या घरात असतील तर त्यांचे सुटे भाग विकणारा बाजार उभा राहणारच. त्यात या बंदुकांची रचना अशी की दस्ता बदलणं म्हणजे फार मोठं काम नाही. मागच्या रबराच्या गादीचे दोन स्क्रू काढले की आत खोल एक लांब बोल्ट दिसतो. तो सोडवला की अख्खा दस्ता हातात. पुढची मूठ मात्र जरा वेगळी. ती नुसती धरायची नसते, तिच्यावरच बंदुकीची सगळी चाल असते. तिथे चुकीच्या मापाचा भाग बसवला तर बंदूक मध्येच अडकायची.

हे लोक दस्ता का बदलतात? चित्रपटात दिसतं म्हणून, हे एक कारण आहेच. पण पहिलं कारण साधं आहे, माप. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर कारखान्यात साधारण १४ इंच ठेवतात. सहा फुटी पुरुषाला ते ठीक. बुटक्या माणसाला, बाईला, थंडीत जाड कोट घातलेल्या शिकाऱ्याला ते लांब पडतं. दस्ता खांद्याच्या खाचेत नीट बसला नाही की बारा बोअरचा धक्का दंडावर नाहीतर गालावर बसतो. म्हणून लॉस एंजेलिसच्या पॅकमायरने रबराच्या गाद्या विकल्या. म्हणून आता मॅगपुल कंपनीच्या दस्त्यात फासळ्यांसारख्या पट्ट्या घालून ते अंतर साडेबारा ते साडेचौदा इंचांत कमी-जास्त करता येतं. शिंप्याकडे पँटची उंची करून घेण्यासारखंच. दुसरी एक गंमत सांगतो. मॉसबर्गचं सेफ्टीचं बटण बंदुकीच्या पाठीवर, अंगठ्याखाली असतं. साध्या दस्त्यावर अंगठा सहज तिथे जातो. पण पिस्तुलासारखी उभी मूठ लावली की अंगठा खाली राहतो आणि पकड सोडल्याशिवाय सेफ्टी हलवता येत नाही. झोकात दिसणारा भाग बंदूक वापरायला अवघड करून ठेवतो. बंदूक पुरुषार्थाची खूण समजणाऱ्यांना हे सांगायला कोण जाणार!

मिसुरी राज्यात वॉर्सा नावाचं छोटं गाव आहे. विसाव्या शतकात बिशप आणि फायेन या दोन दस्ते बनवणाऱ्या कंपन्या याच गावात होत्या. अक्रोडाचं लाकूड यंत्रावर अर्धवट कापून ते टपालाने देशभर पाठवायचे, गिऱ्हाइकाने घरी बसून पॉलिश करायचं, कानस मारायची आणि आपल्या बंदुकीला बसवायचं. एका खेड्याचा संसार दुसऱ्यांच्या बंदुकांच्या दस्त्यांवर चालला. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी आहेत, तसं काहीसं.

मग लाकूड गेलं आणि प्लास्टिक आलं. याची सुरुवात मला अनपेक्षित ठिकाणी सापडली. रेमिंग्टन ही बंदुकीची कंपनी १९३३ पासून साठ वर्षं ड्युपाँट या रसायन कंपनीच्या ताब्यात होती. तीच ड्युपाँट, जिने नायलॉन काढलं. १९५९ मध्ये रेमिंग्टनने ‘नायलॉन ६६’ नावाची छोटी रायफल आणली, तिचा दस्ता लाकडाचा नव्हता, ड्युपाँटच्या नायलॉनचा होता. लोक हसले. पण दहा लाखांहून जास्त खपल्या. पाण्याने फुगत नाही, उन्हाने तडकत नाही, अक्रोडासारखी झाडाची वाट बघावी लागत नाही. आज पंप ॲक्शनला बाहेरून आणून लावतात ते दस्ते बहुतेक पॉलिमरचे, त्यांची गंगोत्री ही.

नायलॉन ६,६ हे शब्द गोव्याच्या माणसाला मात्र वेगळ्या कारणाने माहीत आहेत. याच ड्युपाँटला थापर समूहाबरोबर फोंड्याजवळ केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना काढायचा होता. तो बंदुकांसाठी नव्हता, टायरच्या धाग्यासाठी होता. गाव उठलं. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. कारखाना शेवटी तामिळनाडूत गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा संबंध नाही, मान्य. पण एकाच रसायनाची ही दोन टोकं वाचताना मी थोडा वेळ थांबलो होतो, म्हणून इथे नोंदवतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने विंचेस्टर १८९७ ला नळीवर भोकांची लोखंडी जाळी आणि संगीन बसवायची सोय जोडली. खंदकात ही बंदूक इतकी भयंकर ठरली की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने रीतसर निषेध खलिता पाठवला. ही बंदूक विनाकारण यातना देते, हेग कराराचा भंग होतो, असली बंदूक बाळगणारा सैनिक सापडला तर त्याला मारू, अशी धमकी. विषारी वायू सोडणाऱ्यांनी हे म्हणावं! अमेरिकेने ते फेटाळलं आणि आमच्या माणसाला हात लावलात तर आम्हीही बघून घेऊ म्हणून कळवलं.

युद्ध संपलं, दारूबंदी आली, टोळ्या आल्या. १९३४ मध्ये रूझवेल्टच्या काळात नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. मशीनगन, सायलेन्सर, आणि १८ इंचांहून आखूड नळीची छर्ऱ्यांची बंदूक यांवर २०० डॉलर कर आणि नोंदणी. त्या वेळी २०० डॉलर म्हणजे टोळ्यांच्या लाडक्या टॉमी गनची जवळजवळ अख्खी किंमत. बंदी घातली नाही, कर लावला, कारण थेट बंदी राज्यघटनेत बसेल की नाही याची सरकारला धास्ती होती.

यातली मेख अशी की मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. पिस्तुलावर कर लावला तर लोक लांब बंदूक कापून खिशात मावेल अशी करतील, म्हणून ‘आखूड नळी’चं कलम घातलं. पुढे विरोध झाला, पिस्तुलं मसुद्यातून वगळली. कलम तसंच राहिलं. म्हणजे खिशात मावणारं पिस्तूल दुकानात सहज मिळतं, आणि त्याच्या तिप्पट लांबीच्या बंदुकीला सरकारदरबारी नोंद लागते. घर पाडलं, पण उंबरठा ठेवला, आणि नव्वद वर्षं लोक त्या उंबरठ्याला अडखळतायत.

१९३९ मध्ये जॅक मिलर नावाच्या ओक्लाहोमातल्या दरोडेखोराचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. त्याच्याकडे आखूड नळीची दुनळी बंदूक सापडली होती. खालच्या कोर्टाने कायदाच रद्द ठरवला होता. सुप्रीम कोर्टात मिलरच्या बाजूने कोणी उभंच राहिलं नाही, आणि निकालाच्या आधीच मिलरचा खून झाला. कोर्ट म्हणालं, असल्या बंदुकीचा नागरी सैन्यदलाशी काही संबंध असल्याचा पुरावा आमच्यासमोर नाही, कायदा योग्य. एकतर्फी युक्तिवादावर दिलेला हा निकाल पुढची जवळपास सत्तर वर्षं अमेरिकेच्या बंदूक कायद्याचा खांब होता.

इथवर भांडण नळीचं होतं. दस्ता त्यात शिरला तो १९८९ नंतर. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावात शाळेच्या मैदानावर गोळीबार झाला, पाच मुलं गेली. थोरल्या बुश यांनी परदेशी रायफलींच्या ४३ प्रकारांची आयात थांबवली. ‘खेळाच्या उपयोगाची नाही’ हे ठरवताना वेगळी पिस्तूल-मूठ, घडीचा दस्ता असल्या खुणा बघितल्या. आयातदारांनी काय केलं? दस्त्यातच अंगठ्यासाठी भोक पाडलं. आता मूठ वेगळी नाही, दस्त्याचाच भाग आहे! त्याच रायफली पुन्हा बंदरात. १९९० मध्ये काँग्रेसने कायदा केला की आयातीला बंदी असलेली बंदूक परदेशी भाग आणून अमेरिकेत जोडायची नाही. मग नियम आला. वीस भागांची यादी, त्यातले दहापेक्षा जास्त परदेशी नकोत. दस्ता, पिस्तूल-मूठ, पुढची मूठ, हे सगळे त्या यादीत. मग काय, अमेरिकन कंपन्यांना पर्वणीच. परदेशी बंदूक घ्या, आमचा दस्ता लावा, आकडा दहावर आणा. हे कलम अर्धस्वयंचलित रायफलींबरोबर कुठल्याही शॉटगनला लागू आहे, म्हणजे पंप ॲक्शनलाही. बंदूक रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने सुट्या भागांच्या धंद्याला सरकारी शिक्का दिला.

१९९४ च्या बंदीत हीच पद्धत. घडीचा दस्ता, बाहेर आलेली मूठ, मोठं मॅगझिन, यातल्या दोन गोष्टी असतील तर ती बंदूक बंद. पंप ॲक्शनला मात्र कायद्यातच स्पष्ट सूट, ती शिकाऱ्याची म्हणून. २००४ मध्ये ही बंदी मुदत संपून गेली.

आणि शिकाऱ्याची बंदूक म्हणून जी सोडली, तिचं काय झालं? १६ सप्टेंबर २०१३ ला वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात एका माणसाने बारा जणांना मारलं. त्याच्याकडे रेमिंग्टन ८७० होती, दोन दिवसांपूर्वी व्हर्जिनियातल्या दुकानातून रीतसर घेतलेली. नळी आणि दस्ता त्याने नंतर स्वतः कापले होते. १९३४ चा कायदा तेव्हा होताच. कापणाऱ्या हाताला तो अडवू शकला नाही, हे एक. पण दुसरंही बघितलं पाहिजे. बंदूक समर्थक म्हणतात की दस्ता हा नुसता दिसण्याचा मुद्दा आहे, त्याने बंदूक जास्त घातक होत नाही. तसं असेल तर या माणसाने दस्ता का कापला? लपवता यावी म्हणून. त्यामुळे ‘नुसता दिसण्याचा मुद्दा’ हे मला अर्धंच पटतं.

उलट बाजूची चलाखीही सांगतो. आता पुन्हा शॉकवेव्ह. कायद्यात शॉटगनची व्याख्या ‘खांद्याला लावून उडवण्यासाठी बनवलेली’ अशी आहे. शॉकवेव्हला कारखान्यातून दस्ता लागलेलाच नसतो, म्हणून ती शॉटगनच नव्हे. शॉटगन नाही, तर १८ इंचांचा नियम नाही. लांबी २६ इंचांच्या वर, म्हणून लपवता येण्याजोगीही नाही. उरली ती नुसती ‘फायरआर्म’. २०१७ मध्ये ती बाजारात आली, रेमिंग्टननेही त्याच वर्षी आपली काढली. पण तिला दस्ता लावला की ती खांद्याची होते, खांद्याची झाली की शॉटगन होते, शॉटगन झाली की नळी चार इंच कमी पडते. कायद्याच्या प्रत्येक पायरीवर तर्क बरोबर आहे. शेवटी हाती आलेलं मात्र शहाण्या माणसाला समजावून सांगता येत नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार झाला. मृतांचा आकडा पुढे ६० वर गेला. मारेकऱ्याच्या रायफलींना बंप स्टॉक होते. हाही बाहेरून आणून लावायचा दस्ताच, पण मागेपुढे सरकणारा, त्यामुळे चाप इतक्या वेगाने दाबला जातो की रायफल मशीनगनसारखी चालते. ट्रम्प सरकारने नियम करून त्याला मशीनगन ठरवलं. १४ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. कोर्ट म्हणालं, चाप दर गोळीला वेगळा दाबला जातोच, म्हणून मशीनगनच्या व्याख्येत बसत नाही. साठ मृतदेह एका बाजूला आणि व्याख्येतला एक शब्द दुसऱ्या बाजूला. निकालपत्रात चापाच्या आतल्या यंत्रणेची चित्रं छापली आहेत. ती मी बघितली आणि मला वाटलं, हे न्यायालय आहे की गॅरेज.

आपल्याकडे काय? आपल्याकडे ‘पंप ॲक्शन’ हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो २०१६ मध्ये, काश्मीरमधल्या छर्ऱ्यांच्या बातम्यांतून. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये ‘शस्त्र’ या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात, आणि नळी आखूड करण्यावर कलम सहाने मनाई आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारबंदीचा कायदा केला, त्याची सावली अजून आहे. कोकणात शेती संरक्षणाच्या बंदुकीसाठी शेतकरी वर्षानुवर्षं फेऱ्या मारतो, वानर आणि डुक्कर तोवर बाग साफ करतात, आणि निवडणूक लागली की तीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा. या जमा झालेल्या बंदुकांच्या बातम्या मी कितीदा केल्यात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेल्या. तिथे कोणी मॅगपुलचा दस्ता लावायला निघालेलं मला दिसलं नाही. आमचा प्रश्न काडतुसांच्या भावाचा असतो.

अमेरिकेत मात्र हा धंदा मोठा आणि राजकीयही. २०१२ च्या ऑरोरा चित्रपटगृहातल्या गोळीबारानंतर कोलोरॅडोने १५ पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी घातली, तेव्हा तिथलीच मॅगपुल कंपनी राज्य सोडून निघाली. कारखाना वायोमिंगला, मुख्यालय टेक्ससला. दोन्ही राज्यांनी पायघड्या घातल्या. दस्ते-मॅगझिन बनवणाऱ्यांना राज्यं आपल्याकडे बोलावतात, जसं आपण गाड्यांच्या कारखान्याला बोलावतो. तिकडे रेमिंग्टन दोनदा दिवाळखोरीत गेली, सँडी हूक शाळेतल्या मुलांच्या आईबापांना तिच्या विमा कंपन्यांनी २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलर दिले, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा दोनशे वर्षांची परंपरा सांगणारा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. अख्खं गाव त्या कारखान्यावर होतं. छोट्या गावात राहत असल्यामुळे मला ती बातमी खटल्यांच्या बातम्यांपेक्षा जास्त लागली, काय करणार.

आणि तो २०० डॉलरचा कर? १९३४ पासून कधी वाढलाच नाही, महागाईने त्याला खाऊन टाकलं. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या विधेयकात आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्यावरचा कर शून्य झाला, १ जानेवारी २०२६ पासून लागू. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, नोंदणी हे सगळं कायम. शॉकवेव्हला दस्ता लावायचा तर आजही आधी मंजुरी लागते, फक्त पैसे लागत नाहीत. पण १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा टिकवला होता तो सरकारच्या कर लावण्याच्या अधिकारावर. बंदूक संघटना आता कोर्टात गेल्या आहेत. त्यांचा सवाल एवढाच, की करच उरला नाही, तर नोंदणी कशाची करताय?